त्यांचं आपसातलं आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?

गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी गंगापूर रोडवर, जेहान सर्कलच्या अलीकडे एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर चहा पीत उभा होतो. कॉलेजं सुटायची वेळ. टपरीला लागून पंधरा-वीस दुचाक्या, त्यांच्यावर बसलेली पोरंपोरी, रस्त्यावर नेहमीचा गोंधळ. तेवढ्यात पलीकडे एका मुलानं एका मुलीच्या ॲक्टिव्हाची चावी काढून घेतली. ती मागत होती, तो देत नव्हता. आधी वाटलं, मस्करी चाललीय. मग त्यानं तिचं मनगट धरलं. "फोन दाखव, मग चावी देतो," असं काहीतरी म्हणत होता. आवाज चढत चालला होता. तिनं हात सोडवून घ्यायला झटका दिला तेव्हा त्यानं तिला गाडीवर असं ढकललं की गाडी स्टँडवरून कलली.

बघणारे किती होते ते सांगतो. मी मोजले. तिथे नाही, रात्री घरी आल्यावर, झोप येईना तेव्हा. टपरीवर आम्ही नऊ जण. समोर झेरॉक्सच्या दुकानात दोघं. वडापावच्या गाडीवर चार-पाच. बाजूच्या सोसायटीचा वॉचमन. गाड्यांवर बसलेली पोरं वेगळीच, आणि त्यातली निम्मी त्या दोघांना ओळखत असणार. एकानं फोन वर करून शूटिंग सुरू केलं होतं. माझ्या शेजारी उभे असलेले एक पन्नाशीचे गृहस्थ हळूच म्हणाले, "त्यांचं आपसातलं आहे. आपण कशाला मध्ये पडायचं?"

आणि मी मान डोलावली. वीस वर्षं या शहरात बातमीदारी करणारा माणूस. प्रेस कार्ड खिशात, पोलीस ठाण्यातल्या साहेबांचा नंबर फोनमध्ये. खरं सांगतो, ते वाक्य ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी मला परवानगी दिली होती, गप्प बसायची.

मध्ये पडली ती टपरीवाली मावशी. गाळणी हातात तशीच, तिथूनच ओरडली, "ए पोरी, तुझं पार्सल कधीचं बांधून ठेवलंय! नेतेस का ओतून देऊ?"

कुठलं पार्सल नि काय. मुलगी क्षणभर गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं. टपरीकडे निघाली. एवढ्या लोकांनी वळून बघितल्यावर त्या मुलाला हात सोडावाच लागला. मावशीनं तिला आत स्टुलावर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला, आणि स्वतः त्याच्यापुढे जाऊन हात पसरला. "चावी दे रे बाबा, गाडी आडवी लागलीय. माझा गॅसवाला यायचाय." त्यानं चावी दिली. काहीतरी पुटपुटत बाइकला किक मारली आणि गेला. दोन मिनिटांचा कारभार. शिवी नाही, थप्पड नाही, भाषण नाही. आम्ही नऊ जण आपापल्या कपात बघत राहिलो.

(ते पन्नाशीचे काका ही पोस्ट वाचत असतील तर राग मानू नका. मी तुमच्या शेजारीच उभा होतो.)

आठवडाभर हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. त्यांचं आपसातलं आहे. किती सोयीचं वाक्य आहे बघा. ऐकायला सभ्य वाटतं. दुसऱ्याच्या खासगी आयुष्याचा आपण मान राखतोय असं वाटतं. अरे, पण कधीपासून? सोमेश्वरला नाहीतर धरणाच्या बाजूला एखादं जोडपं शांतपणे बसलेलं दिसलं की आपल्याला त्यांची जात, गाव, बापाचं नाव, सगळं विचारायचा हक्क असतो. कोणाची पोर कोणाच्या गाडीवर बसली, किती वाजता आली, कोणते कपडे घालून आली, हे अख्ख्या कॉलनीला माहीत असतं. तेव्हा ते आपसातलं नसतं. दोघं राजीखुशीनं बोलत असली की आपण मध्ये पडतो. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं की मात्र लगेच ते आपसातलं होतं. हा कुठला न्याय?

पुण्यातलं सदाशिव पेठेचं प्रकरण आठवा. २७ जून २०२३. सकाळची वेळ, भर रस्ता, स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी गजबजलेला भाग. एक तरुण कोयता घेऊन एका विद्यार्थिनीच्या मागे धावतोय आणि लोक बाजूला होतायत. लेशपाल जवळगे नावाचा, परीक्षेची तयारी करायला आलेला एक पोरगा पुढे झाला आणि त्यानं वार अडवला. आणखी एक-दोघं धावले. ती मुलगी वाचली. दुसऱ्या दिवसापासून सत्कार, बक्षिसं, नेत्यांचे फोटो. व्हायलाच हवं होतं, त्या पोरांनी कामच तसं केलं. पण त्या सगळ्या हारतुऱ्यांत एक गोष्ट बाजूला पडली. त्या मुलीनं त्याला नकार दिला होता, तो मागे लागला होता, त्रास देत होता, आणि तिनं हे त्याच्या घरच्यांच्या कानावर घातलं होतं. तिनंच नंतर माध्यमांना हे सांगितलं. म्हणजे कोयता निघाला त्या सकाळच्या आधी किती सकाळी गेल्या असतील? त्या प्रत्येक सकाळी कोणी ना कोणी म्हणालं असणार, त्यांचं आपसातलं आहे.

वसईचंही तसंच. १८ जून २०२४, भररस्त्यात एका तरुणानं एका तरुणीच्या डोक्यात लोखंडी पाना घातला, घालतच राहिला. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. एक माणूस पुढे झालेला दिसतो, त्याच्यावर पाना उगारला जातो, तो मागे सरतो. लोकांनी त्या गर्दीला शिव्या घातल्या. मीही घातल्या, इथेच पोस्ट लिहून. पण त्याआधी काही दिवस तिच्याकडून पोलिसांत तक्रार गेलेली होती, हे त्या व्हिडिओत दिसत नाही. पंचवीस लोक रस्त्यावर काय करत होते हा प्रश्न आपण तावातावानं विचारला. तक्रार घेणारे काय करत होते हा प्रश्न चार दिवसांत विरून गेला.

आणि येरवडा. ७ जानेवारी २०२५. कंपनीचं पार्किंग, शिकली-सवरलेली, गळ्यात आयकार्ड घातलेली माणसं गोल करून उभी. मधे एक तरुणी जखमी होऊन पडलीय आणि तिचा सहकारी हातात शस्त्र घेऊन फेऱ्या मारतोय. त्यानं शस्त्र टाकलं तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले आणि चोपला. शस्त्र खाली पडल्यावर आम्ही सगळेच शूर असतो राव.

आता यावर नेहमीचं भाष्य ठरलेलं आहे. माणुसकी मेली, समाज षंढ झाला, मोबाइलनं वाटोळं केलं. मी स्वतः अशी वाक्यं लिहून पोट भरलेलं आहे. लोक बेडर नाहीत हे खरं, पण माणुसकी मेलीय हे खरं नाही. जरा वाकडी वाट करून सांगतो.

१३ मार्च १९६४ ला न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज नावाच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं बातमी दिली की अडतीस लोकांनी खिडकीतून बघितलं आणि एकानंही पोलिसांना फोन केला नाही. ती बातमी जगभर गेली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत धडा झाली. बघ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी करेल, हा सिद्धांत त्यातूनच पुढे आला. आम्ही पत्रकारितेच्या डिप्लोमाला होतो तेव्हा आम्हालाही हीच गोष्ट सांगितली होती. पुढे काय निघालं? ती बातमी फुगवलेली होती. अडतीस जणांनी सगळं पाहिलेलंच नव्हतं. पोलिसांना फोन केल्याचं काहींनी सांगितलं, आणि एक शेजारीण तर खाली धावत गेली, ती शेवटच्या क्षणी किटीला धरून बसली होती. २०१६ साली त्या वर्तमानपत्रानं स्वतःच हे मान्य केलं. बावन्न वर्षांनी. तोवर जगानं ठरवून टाकलं होतं की गर्दी नालायकच असते.

आणि २०१९ मध्ये काही संशोधकांनी ॲम्स्टरडॅम, ब्रिटनमधलं लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं. दोनशेहून जास्त भांडणं. दहातल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. बघणारे जास्त असले तर कोणीतरी पुढे होण्याची शक्यता वाढत होती. आणि ते करत काय होते? सिनेमातला हाणामारीचा सीन नाही. खांद्यावर हात ठेवणं, दोघांच्या मध्ये उभं राहणं, एकाला बाजूला नेणं. म्हणजे आपल्या मावशीच्या गॅसवाल्यासारखंच काहीतरी.

म्हणून मला वाटतं, आपण 'मध्ये पडणं' या शब्दाचा अर्थच चुकीचा धरून बसलोय. कोयता पकडणं म्हणजे मध्ये पडणं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मग साहजिकच माणूस म्हणतो, मला बायकापोरं आहेत. बरोबर आहे त्याचं. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री अंधेरीच्या अंबोलीत कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवायला गेले. दोघांनाही भोसकलं. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन अकरा दिवसांनी. चौघांना जन्मठेप व्हायला २०१६ चा मे उजाडला. शस्त्र निघाल्यावर पुढे व्हा, असं मी कोणाच्याही पोराला सांगणार नाही. तेव्हा ११२ लावायचा, आरडाओरडा करायचा, दुकानाची शटरं वाजवायची, माणसं गोळा करायची, मुलीला वाट करून द्यायची.

पण शस्त्र निघेपर्यंत थांबायचंच कशाला? माझा सगळा मुद्दा इथे आहे.

गंगापूर रोडवर आणि इकडे कॉलेज रोडवर रोज हजारो पोरं येतात. दिंडोरीची, निफाडची, सिन्नरची, पेठ-सुरगाण्याची. खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात. यातल्या एखाद्या पोराचं डोकं फिरलं की ते सगळ्यात आधी कोणाला कळतं? पोलिसांना नाही, प्राचार्यांना नाही, आईबापांना तर नाहीच. रूम पार्टनरला कळतं. रात्री दोन वाजता तो तिच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट दाखवून "बघ, कोणासोबत आहे" म्हणतो, ते रूम पार्टनर बघतो. ग्रुपवर तिच्याबद्दल काय लिहून येतं ते ग्रुपमधले सगळे वाचतात. "तिला बघतोच" हे वाक्य कट्ट्यावर पाच जणांसमोर बोललं जातं. तिचं लोकेशन कोण सांगतं? तिच्या वर्गातला मित्रच सांगतो. आणि बाइकवरून तिचा पाठलाग करताना मागच्या सीटवर कोण बसलेलं असतं?

मागच्या सीटवरच्या पोरा, ही पोस्ट तुझ्यासाठी आहे. तुला वाटतं तू काही करत नाहीयेस, फक्त सोबत आहेस. बाळा, तो तुझ्या भरवशावर चाललाय. तू एकदा गाडीवरून उतरलास आणि म्हणालास, "भाऊ, ती नाही म्हणाली, विषय संपला, चल चहा पिऊ," तर त्याची अर्धी हवा तिथेच निघते. तिसऱ्या माणसाला जे दहा भाषणांत जमणार नाही ते तुला एका वाक्यात जमेल, कारण त्याला तुझ्यासमोर मर्द दिसायचं असतं. तुमच्यातल्याच एकानं मला मागे सांगितलं होतं, "सर, बोललो असतो तर ग्रुपमधून काढलं असतं." बरं, काढलं असतं. मग?

आणि हे 'मर्द दिसायचं' प्रकरण पोरांनी आकाशातून आणलेलं नाही. त्यात आमचाही वाटा आहे, आम्हा पेपरवाल्यांचा. १९९० च्या मार्चमध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या रिंकू पाटीलला परीक्षा केंद्रात जाळलं. मी तेव्हा शाळेत होतो, घरी मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत होती ते आठवतं. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या प्राध्यापिकेवर भर चौकात पेट्रोल टाकून पेटवलं; सात दिवसांनी ती गेली. मधे तीस वर्षं. मथळा मात्र तोच. 'एकतर्फी प्रेमातून'. मी स्वतः किती वेळा लिहिला असेल याची मोजदाद नाही. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं, हे दोन शब्द हाताशी तयार असतात, ओळीत बरोबर बसतात. पण विचार करा, कोणी बँक लुटली तर आम्ही 'एकतर्फी पैशाच्या ओढीतून' लिहितो का? तिनं नाही म्हटलं, त्यानं पाठलाग केला, धमक्या दिल्या, मारलं. याच्यात प्रेम कुठून आलं? आम्ही ते घातलं. त्या दोन शब्दांनी मारणारा बिचारा झाला आणि मेलेलीच्या चारित्र्याची चौकशी सुरू झाली. मी हे शब्द माझ्या बातमीत यापुढे लिहिणार नाही. डेस्कवरच्या मंडळींनी परस्पर घातले तर मला फोन करून शिव्या द्या.

पाठलाग हा कायद्यानं गुन्हा आहे, हे अजून निम्म्या पोरांना माहीत नाही. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं, संपर्क साधत राहणं, ती इंटरनेटवर काय करते त्यावर पाळत ठेवणं, सगळं त्यात येतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि दुसऱ्या वेळी जामीन हक्कानं मिळत नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी ड्रेसकोड, हजेरी, फी याची माहितीपत्रकं वाटतात. त्यात ही दोन ओळींची माहिती छापायला किती शाई लागते?

कॉलेजांविषयी बोलायलाच हवं. नाव कोणाचं घेत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच आहे. काही झालं की पहिली धडपड असते ती 'गेटच्या बाहेर घडलं' हे सिद्ध करायची. टपरी गेटपासून शंभर पावलांवर, पोरगा-पोरगी दोघं तुमचीच, भांडण वर्गापासून सुरू झालेलं, पण मारहाण बाहेर झाली म्हणजे तुमचा संबंध नाही! मग आत काय करता? सीसीटीव्ही बसवता. सीसीटीव्ही चांगला आहे, नंतर बातमीला फुटेज मिळतं. पण कॅमेरा ओरडून "पोरी, पार्सल ने" म्हणत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमण्याचे. नोटीस बोर्डावर तिचा फलक असतोच. कधी जाऊन वाचा. बदली होऊन गेलेल्या मॅडमचं नाव आणि न लागणारा नंबर सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. याच नियमांत असंही म्हटलंय की प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, आणि ते विद्यार्थ्यांनी पारदर्शकपणे निवडून दिलेले असावेत. निवडून! गंगापूर रोडवरच्या पोरापोरींनो, मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी यासाठी मत दिलंय? ज्या कॉलेजात दिलं असेल त्यांनी जरूर सांगा, मी आनंदानं बातमी करीन.

एक गोष्ट मात्र कळीची आहे आणि ती आम्हा बाप्यांच्या लक्षात येत नाही. मुली सांगत का नाहीत? त्यांना पोराची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती घरची असते. "घरी कळलं तर कॉलेज बंद." हे मी इतक्या मुलींकडून ऐकलंय की आता विचारायच्या आधीच उत्तर माहीत असतं. त्रास तो देणार आणि शिक्षण हिचं सुटणार. गावाकडून एसटीनं येणाऱ्या पोरीला कॉलेज म्हणजे काय असतं ते तिलाच माहीत. त्यामुळे मध्ये पडणाऱ्यानं उत्साहाच्या भरात पहिला फोन तिच्या बापाला लावायचा नाही. आधी तिला विचारायचं, तुला काय हवंय? सोबत बसस्टॉपपर्यंत येऊ? मैत्रिणीला बोलावू? पोलिसांकडे जायचंय? ती नको म्हणाली तर नको. मध्ये पडण्याच्या नावाखाली पोरीवर पहारा बसवणारे आणि जोडप्यांना बदडून काढणारे स्वयंघोषित भाऊ आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांनी या पोस्टला लाइक करू नये.

पोलिसांचं म्हणाल तर गेल्या ऑक्टोबरात, २०२५ मध्ये, नाशकात 'कायद्याचा बालेकिल्ला' गाजला. कालपर्यंत रील काढून दहशत माजवणाऱ्यांना पोलिसांनी कॅमेऱ्यासमोर ते वाक्य म्हणायला लावलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ फिरवले. गुंडांना धाक बसायलाच हवा. पण बालेकिल्ल्याच्या दारात तक्रार घेऊन आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला खुर्ची मिळते का, "समजावून सांगतो त्याला, तूही फोन बंद ठेव" असं सांगून परत पाठवलं जात नाही ना, ते कोण बघणार? निर्भया पथक, दामिनी पथक ही चांगली माणसं आहेत, मी त्यांना काम करताना पाहिलंय. त्यांनी टपरीवाल्यांशी, मेसवाल्यांशी, वॉचमन लोकांशी ओळख ठेवली तर अर्धी खबर त्यांना आधीच मिळेल. या रस्त्यावर कोण कोणाच्या मागे आहे हे चहावाल्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

आणि मध्ये पडणाऱ्याचं काय? रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे. आधी सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ते दिलं, मग मोटार वाहन कायद्यात आलं. त्यामुळे अपघात झाला तर लोक हळूहळू थांबायला लागलेत. पण मारहाण होणाऱ्या मुलीला सोडवणाऱ्यासाठी त्या तोडीचं काही नाही. दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करायचा हक्क कायदा देतो, न्याय संहितेच्या पस्तिसाव्या कलमात तो स्पष्ट लिहिलाय. पण हक्क बजावल्यावर जबाबासाठी चार चकरा, कोर्टाच्या तारखा, बुडालेली रोजी हे सगळं त्याच्याच माथी. हातावर पोट असलेला माणूस विचार करणारच. महिलांसाठी कडक कायदा म्हणून शक्ती विधेयक २०२१ च्या डिसेंबरात आपल्या विधिमंडळात मंजूर झालं, केवढा गाजावाजा झाला होता. पुढे काय झालं ते आमदारांना विचारा. आणि निवडणुकीच्या वेळी तो मागच्या सीटवरचा पोरगा नेमका कोणाच्या रॅलीत असतो तेही त्यांनाच विचारा.

मी परवा, गुरुवारी, पुन्हा त्या टपरीवर गेलो. मावशीला म्हटलं, त्या दिवशी तुम्ही फार चांगलं केलंत. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. आलं किसत म्हणाली, "माझी पण पोर बारावीला आहे." मग सांगायला लागली. ती मुलगी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली होती. रडली. तो तिच्याच वर्गातला. दोन महिने चाललंय. वर्गात सगळ्यांना माहीत आहे. एका सरांना सांगितलं तर ते म्हणाले, अभ्यासाकडे लक्ष दे.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय, मी सांगितलं, सुटल्यावर इथं येऊन बसत जा, तुझी मैत्रीण येईस्तोवर. त्या पोराच्या दोस्तांना पण बोलले मी. त्यातला एक बरा आहे, ऐकून घेतलं त्यानं." मग गॅस बारीक करून माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही पेपरात आहात ना? त्या दिवशी तुम्ही हितंच होतात."

मी हो म्हणालो.

तिनं चहाचा कप पुढे सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मावशीचं नाव, टपरीचा फोटो किंवा कॉलेजचं नाव मी टाकणार नाही, मला विचारूही नका. त्या मुलीला शोधायचा प्रयत्न कोणी केलेला मला चालणार नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी जेहान सर्कलपासून विद्याविकास सर्कलपर्यंत चालत येणार आहे, वाटेतल्या टपऱ्या, झेरॉक्सवाले, मेस, वॉचमन यांच्याशी बोलत. प्रत्येकाला ११२ आणि पोलीस ठाण्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि एवढंच विचारायचं, की असं काही दिसलं तर तुम्ही काय कराल. दोन-चार जण सोबत आले तर बरं, विशेषतः कॉलेजातली पोरं. चिठ्ठ्या मी छापून आणतो. चहाचे पैसे मात्र ज्याचे त्यानं द्यायचे.